गाडीचा पीळ

हौशी: माझी माझदा मियाटा १९९० ची, पहिल्या पिढीतली, १.६ लिटरची. छत मागे टाकून कॅलिफोर्नियातल्या ८८० फ्रीवेवर चढलो की सिमेंटच्या लाद्यांमधल्या प्रत्येक सांध्यावर समोरचा आरसा धूसर होतो, स्टिअरिंग थरथरतं आणि दरवाजा चौकटीत कुरकुरतो. या थरथरीला गाडीवाले ‘काउल शेक’ म्हणतात आणि तिचं मूळ काही लपलेलं नाही. गाडीला पक्कं छत नाही. काड्यापेटीतला ट्रे बाहेर काढ आणि दोन टोकं धरून पिळून बघ, लगेच पिळवटतो. तोच वेष्टनात सरकवून पिळ, दाद देत नाही. कूपे ही अख्खी पेटी आणि रोडस्टर हा नुसता ट्रे. माझदाच्या लोकांनी फरशी, दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांखालच्या सिल आणि मधला बोगदा यांतून जमेल तेवढी भरपाई केली. पण १९८९ साली गाडी बाजारात आणताना त्यांना ती साडेनऊशे किलोंच्या आसपास ठेवायची होती, किंमतही परवडणारी हवी होती. त्यामुळे पत्रा किती जाड करायचा यालाही हद्द होती. मला ती हद्द नाही. फरशीखाली दोन लांब पोलादी रेल्स, त्यांना एकमेकींशी बांधणारी बटरफ्लाय ब्रेस, पुढच्या शॉक टॉवर्समध्ये स्ट्रट बार आणि सीटमागे रोल बार, असं सगळं बसवायचं म्हणतोय. तीसएक किलो वाढतील, वाढू देत.

शंकेखोर: वाढू देत, पण बदल्यात काय हवंय ते आधी ठरव. वळणावर जास्त पकड हवी, की थरथर कमी हवी, की ‘गाडी घट्ट वाटते’ असं मित्रांना सांगता यायला हवं? तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार तिन्ही एकाच दांडीत घालून विकतो. पकडीपासून सुरुवात करू. एक चाक उंचवट्यावर आणि त्याच्या तिरपं समोरचं चाकही उंचवट्यावर असेल, तर गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागांत जो पीळ पडतो तो तीन जागी वाटला जातो. पुढच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार, मधली बॉडी, मागच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार. हे तिघं एकामागोमाग जोडलेले आहेत, म्हणून जो सर्वांत मऊ तो सर्वांत जास्त पिळला जातो. हिशेबासाठी धरून चाल की पुढचं टोक एक अंश पिळायला ४०० न्यूटन-मीटर लागतात, मागचंही ४००, आणि बॉडीला ४,०००. आता गणित कर. एकूण पिळातला बॉडीचा वाटा शंभरात पाचही भरत नाही. तू खर्च करून बॉडी दुप्पट ताठ केलीस, ८,००० वर नेलीस, तरी तो वाटा पाचाचा अडीच होतो. पंचाण्णव टक्के पीळ स्प्रिंगांत होता, आता साडेसत्त्याण्णव टक्के. टायरला हा फरक कळणारही नाही. मूळ स्प्रिंगांवर चालणाऱ्या गाडीला ताठ बॉडी देऊन पकड वाढत नाही.

(इथे लेखकाची थोडी लुडबूड. वरचे आकडे कुठल्या एका गाडीचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. खरा आकडा काढायचा तर गाडी उचलून मागच्या सस्पेन्शनच्या जागा घट्ट जखडतात, पुढच्या जागांना उलटसुलट भार देतात आणि सिलच्या कडेने डायल गेज लावून कुठे किती पीळ पडला ते वाचतात. हे करणारे थोडे आणि ‘ताठपणा तीस टक्क्यांनी वाढला’ असं खोक्यावर छापणारे पुष्कळ. कशाच्या तीस टक्के, कुठल्या दोन बिंदूंमध्ये, छत लावून की काढून, हे जिथे सांगितलेलं नसतं तो आकडा वाचून सोडून द्यावा, असं माझं मत. आता पुढे.)

हौशी: तुझं गणित मान्य, पण मूळ स्प्रिंगा आहेत कुणाकडे? माझ्या गाडीला कॉइलओव्हर बसवून चार वर्षं झाली आणि त्यांच्या स्प्रिंगा मूळच्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. तुझ्याच हिशेबात पुढचं-मागचं टोक ४०० ऐवजी १,२०० धर. आता बॉडीचा वाटा शंभरात तेरा होतो आणि बॉडी दुप्पट ताठ केली की सातावर येतो. हे काही कानामागे टाकण्यासारखं नाही. स्प्रिंग कडक केली की काम बॉडीकडे सरकतं. बॉडी ही शॉकअब नसलेली स्प्रिंग आहे, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. शिवाय अँटी-रोल बार बदलून गाडीचा कल पुढून मागे सरकवायचा असेल, तर मधली बॉडी तो निरोप नीट पोचवणारी हवी. ती मऊ असेल तर पुढे केलेली दुरुस्ती मागे पोचेपर्यंत विरून जाते.

आणि असल्या ब्रेसेस फक्त हौशी माणसांनीच लावल्यात असं कुठेय? फोर्डची फॉक्स बॉडी मस्टँग बघ, १९७९ ते १९९३ ची. पुढची रेल सीटखाली येऊन संपते, मागची तिथून पुढे वेगळी सुरू होते, मध्ये फक्त फरशीचा पत्रा. दोघींना वेल्ड करून जोडणारे सबफ्रेम कनेक्टर लावले की दरवाजेसुद्धा नीट बंद व्हायला लागतात, हे अमेरिकेतला कुठलाही मस्टँगवाला शपथेवर सांगेल. त्याही आधी, १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये इंजिनावरून आडवी जाणारी माँटे कार्लो बार होती. तिचं नाव पडलं ते फोर्डच्या फाल्कन गाड्या माँटे कार्लो रॅलीत उतरल्या होत्या म्हणून. शिवाय टॉवर्स आणि समोरच्या काचेखालचा काउल यांना जोडणारी एक्स्पोर्ट ब्रेस होती. हा तुकडा फोर्डने परदेशातल्या खराब रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी केला होता. रेसिंगवाल्यांनी तो नंतर उचलला. कंपनीला खराब रस्त्यासाठी ब्रेस गरजेची वाटली आणि तू मला म्हणतोस रस्त्यावरच्या गाडीला तिचा उपयोग नाही!

शंकेखोर: मस्टँगचं मी एका शब्दात मान्य करतो, कारण तिथे दोन रेल्सच्या मध्ये खरोखरच काही नव्हतं. शेल्बीचंही मान्य. त्या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक थेट शॉक टॉवरला रेटतं, तेव्हा टॉवर आत झुकू लागले तर सगळी भूमितीच बिघडते. पण म्हणूनच प्रत्येक दांडीला एक प्रश्न विचारावा लागतो. तू कुठल्या दोन बिंदूंना धरतेस आणि ते बिंदू मुळात एकमेकांपासून हलत होते का?

तुझ्या मियाटाचा पुढचा स्ट्रट बार घे. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत टॉवर हा चाकाचा वरचा आधार असतो. वळणावर त्याच्यावर आडवा भार येतो आणि तो हलला की चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, बदलतो. तिथे स्ट्रट बारला काम आहे. मियाटाला चारही चाकांना डबल विशबोन आहेत. पुढचे वरचे-खालचे दोन्ही आर्म सबफ्रेमला बसवलेले. टॉवरवर फक्त शॉकअबचं वरचं टोक येतं आणि त्याचा भार मुख्यतः वर-खाली. तिथे आडवी दांडी लावून तू चाकाची भूमिती कशी सुधारणार? आणि ती दांडी तरी कशी? इंजिन आडवं येतं म्हणून मध्ये बाक दिलेला, दोन्ही टोकांना बिजागरीसारखा एकेक बोल्ट. बाकदार दांडी ओढली की सरळ व्हायला बघते, दाबली की आणखी वाकते, आणि बिजागरीला पीळ रोखताच येत नाही. बॉनेट उघडल्यावर ती छान दिसते, एवढं मी कबूल करतो.

हौशी: स्ट्रट बार सोडला. खरं सांगायचं तर तो दिसायला छान म्हणूनच यादीत होता. बाकीच्यांचं बोल. आणि तू पकडीचाच धागा ओढतोयस, माझी तक्रार मात्र पहिल्यापासून थरथरीची आहे. पकड टायरची असते, ती मला पुरते. डोंगरातल्या स्कायलाइन रस्त्यावरून हायवे नऊने खाली उतरताना पकडीच्या हद्दीला जायची माझी छातीच नाही, रस्त्यावर सायकलवाले असतात. मला हवाय तो वेगळाच अनुभव. स्टिअरिंग वळवलं की नाक वळायला आणि मागचं टोक सोबत यायला जो क्षणभराचा उशीर लागतो, तो कमी व्हावा. सांधा आला की एक ठोका बसावा आणि विषय संपावा, गाडी नंतर थरथरत राहू नये. तुझं गणित स्थिर भाराचं आहे. थरथर स्थिर नसते, तिला वेग असतो. उघड्या गाडीची बॉडी पिळाच्या दिशेने सेकंदाला साधारण पंधरा-वीस वेळा थरथरते. चाक आणि त्याच्यासोबतचं वजन टायरच्या रबरावर उड्या मारतं ते दहा ते पंधरा वेळा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले की एकाने दुसऱ्याला हलवलंच म्हणून समज. बंद गाडीची बॉडी यापेक्षा बरीच वरच्या आकड्यावर थरथरते, म्हणून तिला चाकाच्या उड्यांचा त्रास होत नाही. बॉडी ताठ केली की तिचा आकडा वर सरकतो आणि चाकापासून लांब जातो. मला तेच हवंय.

शंकेखोर: आत्ता तू बरोबर प्रश्नाला आलास, आणि म्हणूनच आता तुझी जास्त अडचण होणार आहे. आकडा वर सरकतो, पण ताठपणाच्या प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात. वीस टक्के ताठपणा वाढवलास तर पंधराचे सोळा-साडेसोळा होतात, आणि वर टाकलेलं वजन त्यातलं थोडं परत खातं. दुसऱ्या बाजूने विचार कर. चाकाचा आकडा का नाही हलवायचा? या गाडीची मूळ चाकं चौदा इंची, टायर १८५/६०, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची चाकं आश्चर्य वाटावं इतकी हलकी होती. तुझ्या गाडीला आता सतरा इंची चाकं आहेत, रबर पातळ, रिम जड. दर सांध्यावर तू जास्त जड हातोडा बॉडीवर मारतोयस आणि मग बॉडी का थरथरते म्हणून विचारतोयस. त्यात तुझ्या सस्पेन्शनचे रबर बुश गाडीइतकेच जुने, पस्तीस वर्षांचे. ते एकतर दगडासारखे झालेत नाहीतर फाटलेत. शॉकअब दमलेला असेल तर चाक उडी मारून थांबत नाही, उडतच राहतं. ताठपणावर खर्च करण्याआधी हलकी चाकं, नवे बुश आणि चांगले शॉकअब घेऊन बघ. उरलेली थरथर ही खरी बॉडीची थरथर.

आणखी एक सांगतो. उघड्या गाड्या बनवणाऱ्या कित्येक कंपन्या ताठपणा कमी पडला की बॉडीच्या कोपऱ्यात स्प्रिंगवर टांगलेलं एक वजन ठेवतात, बॉडीच्या उलट डोलणारं. थरथर मारायची ती एक जुनी पद्धत. यामाहाने त्याहून वेगळी वाट धरली. २००१ साली टोयोटा क्राउनच्या एका खास मॉडेलला त्यांनी बॉडीवरच एक बारीक तेलाचा शॉकअब बसवला, परफॉर्मन्स डॅम्पर नावाचा, बॉडीच्या दोन बाजूंना जोडणारा. त्यांचं म्हणणं असं की पोलाद थरथरतं आणि स्वतःहून जवळजवळ काहीच शोषून घेत नाही, म्हणून त्याला ताठ करण्यापेक्षा शांत करा. तुझ्या सगळ्या दांड्या ताठपणा देणाऱ्या आहेत. शांत करणारी त्यातली एकही नाही. वाजणारी वस्तू घट्ट आवळली तर ती वाजायची थांबत नाही, सूर बदलतो.

हौशी: यामाहाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुझ्या नाही. सस्पेन्शनच्या पलीकडे, बॉडीतच, माणसाला जाणवणारं काहीतरी शिल्लक आहे, हे एका मोठ्या कंपनीने पैसे लावून मान्य केलं. क्राउन ही कसली रेसगाडी! ती रोज ऑफिसला जाणाऱ्याची गाडी. ताठ करायचं की शांत करायचं, हा पुढचा वाद. आणि लोटसकडे बघ. १९६२ ची एलान: पोलादी कण्याची चॅसिस, वर फायबरची बॉडी, सातशे किलोंच्या आत. स्प्रिंगा इतक्या मऊ की आजच्या पोरांना हसू येईल. तरी मियाटा करणाऱ्या जपानी माणसांनी याच गाडीकडे बघत काम केलं. लोटसचं सूत्र असं की मधला भाग ताठ ठेवला तर स्प्रिंग मऊ ठेवता येते, आणि मऊ स्प्रिंग रस्त्यावर जास्त उपयोगी. म्हणजे ताठ चॅसिस आणि आरामदायी गाडी एकाच बाजूला आहेत. १९९६ च्या एलीसमध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून ६८ किलोंची चॅसिस केली आणि तेच सूत्र पुढे नेलं.

शंकेखोर: सूत्र चांगलं, पण तू त्याचा अर्धाच भाग घेतलास. ताठ चॅसिस आणि मऊ स्प्रिंग. तू स्प्रिंग आधीच कडक केलीस, आता चॅसिस ताठ करतोयस, आणि नाव एलानचं घेतोयस. शिवाय एलीसची सिल इतकी उंच आणि रुंद की आत शिरताना अंग वेडंवाकडं करावं लागतं. ताठपणा तिथून आलाय, उंच बाजूंतून. मियाटाची सिल बुटकी आहे, कारण माणसाने सहज बसावं असं त्यांना वाटत होतं. फरशीखाली रेल टाकून तुला ती उंची मिळत नाही. तुझी रेल फरशीच्या पातळीवरच राहणार, आणि वाक रोखायला उंचीइतका स्वस्त उपाय नाही.

आणि ताठ म्हणजे चांगलं हे तरी कुणी ठरवलं? गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं. वळणावर तिची नळ्यांची चौकट वाकते, आतलं मागचं चाक उचललं जातं, म्हणून ती वळते. ती चौकट फार ताठ केली तर कार्ट सरळच पळेल. मोटरसायकलचं बघ. डुकाटीने २००९ ते २०११ मोटोजीपीमध्ये इंजिनालाच आधार मानून कार्बन फायबरची चॅसिस वापरली. २०११ साली व्हॅलेंटिनो रॉसी तिच्यावर बसला आणि पुढचं चाक काय करतंय हेच कळत नाही अशी तक्रार करत राहिला. २०१२ ला डुकाटी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर आली. कुठे किती वाकू द्यायचं यावर तिकडे पोटापाण्याचा धंदा चालतो.

हौशी: दोन्ही उदाहरणं आकर्षक आहेत आणि दोन्ही इथे लागू नाहीत. कार्टला सस्पेन्शन नाही, म्हणून चौकट वाकवावी लागते. माझ्या गाडीला चार स्वतंत्र सस्पेन्शन आहेत, त्यांचं काम चौकटीने का करावं? मोटरसायकल साठ अंशांत झोपलेली असताना खड्ड्याचा धक्का बाजूने येतो आणि तिचा फोर्क त्या दिशेने हलतच नाही, म्हणून चौकटीला वाकावं लागतं. गाडी झोपत नाही. शिवाय तू स्टोनरला सोयीस्करपणे विसरलास. त्याच कार्बन चॅसिसवर केसी स्टोनरने २००९ आणि २०१० मध्ये शर्यती जिंकल्या. तिच्यावर एकही शर्यत जिंकू न शकलेला रॉसी नऊ वेळा जगज्जेता झालेला माणूस होता. चॅसिस तीच, एकाला कळत होती आणि दुसऱ्याला कळत नव्हती. मग ‘कळणं’ चॅसिसमध्ये होतं की माणसात?

शंकेखोर: हा प्रश्न तू मला विचारायला नको होतास, कारण त्याचं उत्तर तुझ्याच अंगावर येतं. ते माणसात असेल, तर तू पैसे कशाचे देतोयस? दिवसभर गाडीखाली पडून, हात काळे करून, बोल्ट आवळून बाहेर आलेल्या माणसाला गाडी घट्ट वाटणारच. त्याने स्वतः आवळलीये ना!

पण ते राहू दे, त्याआधीचं बोलू. रोल बार. ट्रॅकवर हेल्मेट असतं. रस्त्यावर डोकं उघडं असतं, आणि या गाडीत सीट मागे सरकवून बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं त्या नळीपासून फार लांब नसतं. मागून कुणी ठोकलं तर पोलादी नळी आणि डोकं यांच्यामध्ये फक्त फोमची पट्टी. उलटणाऱ्या गाडीत ती जीव वाचवते हेही खरं, दोन्ही खरं आहे. रेल्सचंही तसंच. धडक बसली की कुठला पत्रा आधी चुरगळावा याचा विचार कंपनीने केलेला असतो, तू मध्येच एक न चुरगळणारा भाग आणून ठेवतोस. आपल्याकडे भारतात तर कायद्याने हा विषय जवळपास मिटवलाय. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडीत केलेला बदल चालत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. पुण्यातला हौशी माणूस वेल्डिंगची मशीन काढण्याआधी आरटीओचा विचार करतो. तू कॅलिफोर्नियात आहेस म्हणून हा वाद घालू शकतोस.

आणि शेवटी गंज. मियाटाच्या कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन निचऱ्यांतून सिलच्या बाजूने खाली जातं. ते निचरे पानांनी-मातीने तुंबले की पाणी सिलमध्ये साचतं आणि सिल आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. ज्या सिलवर या गाडीचा सगळा ताठपणा उभा आहे तीच आतून पोकळ झालेली, आणि तू खाली चकचकीत रेल बोल्टने बसवणार. तू कधी निचरे साफ केलेस?

हौशी: केलेत. गाडी कॅलिफोर्नियाची आहे, इथे मीठ नाही आणि पाऊस बेताचा. सिल ठोकून बघितलीये, घट्ट वाजते. पण तू खालून बघितलं नाहीस असं दिसतं, नाहीतर वेगळंच बोलला असतास. या गाडीच्या फरशीखाली ज्या मूळ रेल्स आहेत त्या पातळ पत्र्याच्या, आणि आधीच्या मालकांनी जॅक कुठेही लावून त्या चेपवून टाकल्यात. माझ्याच काय, जवळजवळ प्रत्येक जुन्या मियाटाच्या खाली ही कथा. चेपलेली रेल ही रेल राहत नाही, पत्र्याची घडी होते. फ्लाइन मियाटासारख्या कंपन्या जी जाड रेल विकतात, ती नेमकी या चेपलेल्या रेलवर टोपीसारखी बसते. तेव्हा मी गाडीत नवीन काही घालत नाहीये, गेलेलं परत आणतोय.

शंकेखोर: मग तसं म्हण, मी वाद सोडतो. निदान अर्धा. बटरफ्लायबद्दल मात्र माझा एक प्रस्ताव आहे. ती बोल्टने बसते, तासाभरात निघते. एखाद्या शनिवारी तू बाहेर थांब, मी ती कधी लावीन, कधी काढून डिकीत टाकीन, म्हणजे वजन गाडीतच राहील. ढिली ठेवून चालणार नाही, खुळखुळेल आणि तुला कळेल. तू स्कायलाइनवर तोच तुकडा, त्याच वेगाने, त्याच टायर प्रेशरवर चालव आणि परत येऊन सांग, लावलेली होती की नव्हती. बऱ्याच वेळा करू, एकदा-दोनदा बरोबर येणं हा नशिबाचा भाग.

हौशी: करू. पण माझी हरकत आधीच नोंदवून ठेव. परीक्षेला बसलेला माणूस गाडी चालवत नाही, तो गाडीची चौकशी करतो. जी गोष्ट दहा मिनिटांच्या फेरीत ओळखता आली नाही ती सहा महिन्यांत अंगवळणी पडून कळू शकते. लांबच्या प्रवासानंतर खांदे आखडले नाहीत, आपण खराब सांध्याआधी आपोआप वेग कमी करणं सोडून दिलं, असं काहीतरी. ते तुझ्या शनिवारात मावणार नाही. आणि उलटही होईल. परीक्षेत मी दरवेळी बरोबर ओळखलं, तरी तू म्हणशील, कळलं तर कळलं, पण त्याने गाडी चांगली झाली का?

शंकेखोर: म्हणेन. कारण वेगळी झाली एवढंच त्यातून सिद्ध होतं. पण ओळखता आलं नाही तर काय करशील ते सांग.

हौशी: बटरफ्लाय विकून टाकीन. रेल्स ठेवीन.

शंकेखोर: रेल्स ही दुरुस्ती आहे, तिच्यावर माझं काही म्हणणंच नाही असं मी आत्ता म्हणालो.

हौशी: इथेच तू पकडीत आलास. १९९४ च्या मॉडेलला १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा माझदाने काय केलं? सबफ्रेमला ब्रेसेस दिल्या आणि सीटमागे सीटबेल्टच्या दोन खांबांना जोडणारी आडवी पट्टी टाकली. म्हणजे मी जे करू बघतोय त्याचाच सौम्य प्रकार, कारखान्यातून. गाडी तीच, रस्ते तेच. इंजिन थोडं मोठं झालं म्हणून एवढं लागतं, हे मला पटत नाही. पहिल्या चार वर्षांत लोकांनी त्यांना काहीतरी सांगितलं असणार, किंवा ते त्यांना आधीपासून ठाऊक असणार. मग ती आडवी पट्टी काय होती, दुरुस्ती की सुधारणा?

शंकेखोर: माझ्या हिशेबाने ती दुरुस्तीच धरावी लागेल. पण मग १९९० ची तुझी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच अर्धवट होती असं मला म्हणावं लागेल, आणि तिच्यात बसून हायवे नऊ उतरलेला मी, ते म्हणणार नाही.